घरी वळलेली सिगार मध्येच बंद पडते? दोष हाताचा कमी, उरलेल्या पानाचा जास्त

पेटवल्यावर पहिले दोन-तीन झुरके झकास येतात. चौथ्याला गाल आत जातात, पण धूर येत नाही. पाचव्याला निखारा काळा पडतो. पुन्हा काडी ओढायची, पुन्हा तेच. अर्ध्यावर येईतो चार वेळा पेटवून झालेली असते, तोंड कडूजहर झालेलं असतं आणि उरलेली सिगार राखेच्या भांड्यात जाते. घरी सिगार वळायला बसणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार, आणि तिच्यावरचा नेहमीचा सल्ला म्हणजे ‘जरा सैल वळा’. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. मी सैल वळून पाहिल्या. त्या सैलही झाल्या आणि बंदही पडल्या.

सलग अकरा अशा गेल्यावर बारावी मी पेटवलीच नाही. ब्लेडने उभी चिरली आणि दिव्याखाली उघडून ठेवली. तोंडाकडच्या टोकापासून साधारण दीड इंचावर करंगळीच्या पेराएवढी एक गाठ होती. बाकीचं भरण तपकिरी, मोकळं. ही जागा तेवढी दाटून आलेली, बोटाने दाबली तरी न दबणारी. चिमट्याने उलगडली तर आत तीन गोष्टी निघाल्या: रॅपर, म्हणजे सगळ्यात बाहेरचं पान, कापल्यावर उरलेली एक कड, आडवी बसलेली. मधल्या शिरेचा एक तुटका तुकडा. आणि त्या दोघांच्या मागे साचलेला चिमूटभर चुरा. तिन्ही मीच आत टाकलेले. का, तर चांगलं पान वाया जायला नको.

तेव्हापासून कोणी ‘सिगार ओढली जात नाही’ म्हणालं की मी आधी एकच विचारतो: उरलेले तुकडे कुठे टाकता?

गाठ धूर कशी अडवते

सिगारचे तीन थर. पोटात फिलर, त्याभोवती गुंडाळलेला बाइंडर आणि सगळ्यात बाहेर रॅपर. अखंड पानांचा फिलर नीट घड्या घालून धरला की घड्यांच्या मधे लांबच्या लांब पोकळ्या राहतात. धूर याच पोकळ्यांतून येतो. त्यात एखादा तुकडा आडवा बसला की बंधारा तयार होतो आणि आतला सुटा चुरा ओढीबरोबर सरकत येऊन त्या बंधाऱ्याला लागतो.

मग पहिले झुरके चांगले का येतात? जळताना पानातून वाफ आणि डांबरासारखा चिकट अंश सुटतो आणि पुढच्या थंड भागात जाऊन बसतो. दाट जागेवर तो सगळ्यात जास्त साचतो, तिथलं पान फुगतं, उरलीसुरली फटही बुजते. सुरुवातीला अर्धवट उघडी असलेली गाठ चार झुरक्यांत पूर्ण बंद होते ती अशी. धूर ओढला जात नाही म्हणजे निखाऱ्याला हवा मिळत नाही, आणि हवा नाही म्हणजे तो विझणारच. विझणं हे इथे लक्षण आहे. त्यावर पुन्हा पुन्हा काडी ओढणं हा इलाज नव्हे. उलट प्रत्येक वेळी जळकं, कडवट आणि जास्त तिखट असं तुमच्या तोंडात येतं. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो छातीत न घेताही निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. बंद पडलेल्या सिगारशी झटापट केल्यावर गरगरतं ते याचमुळे. (घरी वळली म्हणून ती कमी घातक होत नाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो, हे वळणाऱ्याला वजनकाट्यावर रोज दिसतं.)

तुमची अडचण यातली कोणती, ते आधी ओळखा

ओढ घट्ट असण्याची कारणं तीन: एका जागी गाठ, सगळीकडेच जास्त भरण, किंवा ओल. तिन्हीचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे अंदाजाने काही करू नका.

न पेटवलेली सिगार अंगठा आणि तर्जनीत धरून पेटवायच्या टोकापासून तोंडाकडे हलकेच चिमटत या. एकाच ठिकाणी खडा लागला तर गाठ. सगळीकडे लाकडासारखी टणक असेल तर भरण जास्त. आणि बोटांना मऊ, लवचिक लागते तरी ओढायला जड, तर ती ओली आहे. ओलीला काही करायचं नसतं, फक्त थांबायचं असतं. 65 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असलेल्या डब्यात आठ-पंधरा दिवस ठेवा, बहुतेक आपोआप मोकळ्या होतात. माझी सुरुवातीची निम्मी घाई इथेच होती. संध्याकाळी वळायची आणि रात्री पेटवायची.

एकाच गाठीसाठी लांब, बारीक स्टीलची सळई तोंडाकडून घाला. ढकलू नका, गोल फिरवत पुढे न्या. ढकललं की गाठ पुढे सरकते किंवा सळई रॅपर फोडून बाहेर येते, आणि हे मी दोन्ही करून बसलोय. सगळीकडेच टणक असेल तर मात्र वाचवायच्या भानगडीत पडू नका. उलगडा, पानं परत घ्या.

भरण किती हे बोटांवर सोडू नका, काटा वापरा. 5 इंच लांब आणि 50 गेजची (गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे व्यास जेमतेम 20 मिलिमीटर) सिगार मी ‘अजून एक पान बसेल’ करत 16 ग्रॅमपर्यंत न्यायचो. आता फिलर आणि बाइंडर मिळून साडेबारा-तेराला थांबतो. तुमचं पान जाड किंवा पातळ असेल तर आकडा बदलेल. पण जी सिगार चांगली ओढली गेली तिचं वजन लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी त्यालाच धरून चला.

पान वाफशावर हवं

पेरणीआधी जमीन वाफशावर यावी लागते, म्हणजे चिखलही नको आणि ढेकूळही नको. पानाचं तसंच. पण इथे एक मेख आहे: फिलर आणि रॅपर यांचा वाफसा एक नसतो, आणि नवशिका दोघांवर एकाच फवाऱ्याने पाणी मारतो.

फिलरचं पान मुठीत हलकं दाबून कानाजवळ न्या. बारीक सळसळ ऐकू यायला हवी, पण मूठ उघडल्यावर तळहातावर भुकटी पडलेली नको. अजिबात आवाज नसेल तर ते ओलं आहे. ते दाबलं की दबलेलंच राहतं आणि मघाच्या पोकळ्या मिटतात. रॅपर मात्र पूर्ण मुका हवा, पातळ कातडी हातमोज्यासारखा ताणला जाणारा. तो फवारून एका पिशवीत काही तास बंद ठेवला की ओल सारखी पसरते. थेंब तसेच असताना वळू नका. उलट कोरडा रॅपर ओल्या भरणावर ओढलात तर दुसऱ्या दिवशी उभी चीर ठरलेली, कारण आतलं फुगलेलं असतं आणि बाहेरचं आकसतं.

डब्यातला आर्द्रतामापक खरा दाखवतो का, हे मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखल होईल इतकंच पाणी टाका, विरघळू देऊ नका. मापकासोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. साध्या खोलीच्या तापमानात आतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. काटा 70 दाखवत असेल तर तुमचा मापक 5 ने कमी बोलतोय. माझा 8 ने कमी बोलत होता. मी ज्याला 65 समजत होतो ते 73 होतं. ओल्या सिगारचं कोडं निम्मं तिथेच सुटलं.

गुंडाळताना पडणारा पीळ

हा दोष दिसत नाही, म्हणून त्रासदायक. बाइंडर गुंडाळताना उजवा हात पुढे पळतो, डावा मागे रेंगाळतो आणि आतला फिलर दोरीसारखा पिळला जातो. बाहेरून सिगार देखणी, आतून पोकळ्यांचा गळा आवळलेला. दोन्ही तळवे सपाट ठेवून एका वेगाने पुढे ढकला, बोटांनी नाही. तपासायचं असेल तर एक पुडकं (म्हणजे बाइंडरमध्ये गुंडाळलेला फिलर) गुंडाळून लगेच उलगडा: पानं सरळ पडली तर ठीक, मळसूत्रासारखी पडली तर हात सुधारायचाय.

फिलर धरण्याची पद्धतही बघा. पुस्तकासारखी पानं एकावर एक ठेवून मिटली तर काम पटकन होतं, पण एक बाजू दाट आणि एक विरळ राहते, आणि सिगार एकाच अंगाने जळत होडीसारखी खोलगट होते. प्रत्येक पान सैलसर नळी करून नळ्या शेजारी शेजारी धरल्या तर हवा सगळीकडून जाते. याला वेळ लागतो. सुरुवातीला मधला मार्ग घ्या: पान पंख्यासारखं चुण्या घालून धरा, तेवढं पुरतं. झाडाच्या वरच्या पानांना, ज्यांना क्यूबाच्या परिभाषेत लिहेरो म्हणतात, कायम मधोमध ठेवा. ती जाड, तेलकट आणि हळू जळणारी. खालची वोलादो पानं जळायला सोपी, मधली सेको सुगंधाला. लिहेरो कडेला गेलं की त्या बाजूने जळणं मागे पडतं.

पुडकं साच्यात अर्धा-पाऊण तास दाबल्यावर एकदा काढा, पाव फेरा फिरवा, पुन्हा तेवढाच वेळ दाबा. नाही तर साच्याच्या सांध्याची उभी धार सिगारवर उमटते. आणि आता या सगळ्या लेखातलं सगळ्यात उपयोगी काम: रॅपर चढवण्याआधी पुडकं तोंडाला लावून ओढून बघा. हवा विनासायास आली पाहिजे. मोठे कारखाने यासाठी यंत्र वापरतात, आपल्याला गाल पुरतात. इथे घट्ट वाटलं तर बाइंडर सोडून दोन मिनिटांत दुरुस्ती होते. रॅपर चढल्यावर मात्र फक्त हळहळ करता येते.

रॅपर एकाआड एक का बिघडतो

एक सुबक, पुढची सुरकुतलेली, परत एक सुबक, असं होत असेल तर पानाची डावी-उजवी बघा. मधली शीर काढल्यावर एका पानाचे दोन अर्धे होतात आणि त्यांच्या उपशिरा आरशातल्यासारख्या उलट जातात. डावा अर्धा एका दिशेने गुंडाळायचा, उजवा त्याच्या विरुद्ध. तसं केलं तर शिरा सिगारच्या लांबीबरोबर पडतात आणि दिसत नाहीत. दोन्ही एकाच दिशेने गुंडाळलेत तर दर दुसऱ्या सिगारवर शिरा कड्यांसारख्या उठतात आणि तिथेच रॅपर तडकतो. शिरांची बाजू आत, गुळगुळीत बाजू बाहेर, हे तर आहेच. टोपी, म्हणजे तोंडाकडचं टोक झाकणारा पानाचा तुकडा, चिकटवायला गवारीच्या बियांचा डिंक किंवा पेक्टिन पाण्यात कालवून टिपूसभर. कागदकामाचा गोंद नको, तो जळून तोंडात जाणार आहे.

पानच जळत नसेल तर

वळणं निर्दोष, ओल बरोबर, तरी विझते? मग पानाची परीक्षा घ्या. दोन इंचांची पट्टी कापा, कड काडीने पेटवा, ज्योत फुंकून टाका आणि नुसता निखारा किती सरकतो ते बघा. चांगलं पान शांतपणे, सरळ रेषेत जळत जातं. वाईट पान दोन-चार सेकंदांत मान टाकतं. पानात पोटॅशियम भरपूर असेल तर ते निखारा धरून ठेवतं. क्लोरीन जास्त असेल तर जळणं मरतं. म्हणूनच तंबाखूच्या शेतात पोटॅश देताना क्लोराइडऐवजी सल्फेटचं खत निवडतात. असं न जळणारं पान बाइंडरला किंवा रॅपरला लावलंत तर आतलं जळून जातं आणि बाहेरची नळी तशीच उभी राहते. भरणात थोडं मिसळलं तर चालून जातं.

सिगारेटसाठी उष्ण हवेत सुकवलेलं पिवळं व्हर्जिनिया पान मात्र यात आणू नका. त्यात साखर जास्त, धूर आम्लधर्मी. सिगारची चव त्यातून येत नाही. आणि पहिल्याच झुरक्याला नाकात अमोनियाचा झटका बसला तर पान मुरलेलं नाही. मुरायला ऊब लागते, पण घरातला पाच-दहा पानांचा ढीग स्वतःहून तापत नाही, उष्णता निसटून जाते. म्हणून दमट पान बंद पेटीत 50 अंश सेल्सिअसच्या आसपास महिनाभर ठेवावं लागतं. घाई असेल तर ते पान बाजूला ठेवा, दुसरं घ्या.

आता ते उरलेलं पान

फेकायचं नाही, हे कबूल. पण सगळं एका बरणीत कोंबायचं नाही, तिथेच घोळ होतो. मी चार भाग करतो.

रॅपर कापून उरलेल्या रुंद कडा सपाट, पुस्तकात ठेवल्यासारख्या दाबून ठेवतो. यातून टोप्या निघतात आणि तडकलेल्या जागेवर ठिगळ लागतं. ठिगळ त्याच पानाचं असेल तर ओळखूही येत नाही. या कडा फिलरमध्ये टाकू नका. पातळ असतात, मुडपतात आणि आडव्या बसतात. माझ्या बाराव्या सिगारमधला मुख्य गुन्हेगार हीच होती.

फिलरचे तुकडे वाळवून हातानेच नखाएवढे मोडा आणि तीनेक मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून चाळा. वर राहील तो छोटा फिलर. तो वापरायची खरी पद्धत म्हणजे सँडविच: दोन अखंड अर्धी पानं पसरायची, मधोमध तुकड्यांची सारखी रेघ, वरून आणखी एक अखंड पान आणि मग बाइंडर. मी तुकडे एकूण फिलरच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे नेत नाही, आणि तोंडाकडचा शेवटचा इंच पूर्णपणे अखंड पानाचा ठेवतो, नाही तर दर झुरक्याला जिभेवर कण येतात. तुकड्यांची सिगार भराभर आणि गरम जळते, म्हणून ती जरा जाड वळलेली बरी आणि झुरके लांब अंतराने.

इथे एक सापळा आहे. बरणीतला माल हळूहळू लिहेरोमय होतो, कारण भरण जास्त झालं की आपण जाड पान आधी बाहेर काढतो. सहा महिन्यांनी ‘उरल्यासुरल्याची’ सिगार वळली तर ती नुसती तिखट आणि न जळणारी निघते. बरण्या वेगळ्या ठेवा, वर चिठ्ठी लावा: कुठलं पान, कोणता महिना. तिखट तुकड्यांना तेवढंच वोलादो किंवा सेको जोडा.

मधल्या शिरा सिगारमध्ये कधीच नाहीत, अगदी ‘एकच तर आहे’ असं वाटलं तरी. बारीक चिरून खताच्या ढिगात घाला, कुजायला वेळ लागतो. ते खत टोमॅटो, मिरची, वांगं, पिटुनिया यांच्याजवळ मात्र नको. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही वर्षानुवर्षं टिकतो आणि ही सगळी तंबाखूच्याच कुळातली झाडं. (विषाणू म्हणून काही असतं याचा मागच तंबाखूच्या या रोगावरून लागला: 1892 मध्ये इव्हानोव्स्की, 1898 मध्ये बायजेरिंक.) वळून झाल्यावर साबणाने हात न धुता रोपांना हात लावू नका. शिरा उकळून फवारणी करायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते, सोडून द्या. ओलं निकोटीन कातडीतून आत शिरतं, मळमळ आणि चक्कर येते, शिवाय मधमाश्याही मरतात. ओलं पान बराच वेळ हाताळताना हातमोजे घालायचे तेही यासाठीच. बरण्या मुलं आणि पाळीव प्राणी यांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा.

चाळणीखालचा चुरा थेट खतात. त्याचं सिगारमध्ये काहीही होत नाही, गाठ सोडून.

साठवताना तुकडे कुरकुरीत वाळलेलेच बरणीत जाऊ द्या. वापरायच्या आदल्या रात्री ओलावा देता येतो. दमट ठेवलेत तर 75 टक्क्यांच्या वर पांढरी, केसाळ बुरशी धरते, आणि बुरशी आलेला माल पुसून वापरायचा नसतो, टाकायचा असतो. पानाला टाचणीएवढी गोल भोकं दिसली तर तंबाखूचा भुंगेरा, दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी किडा. उकाड्यात अंडी फुटतात. बरणीतला सगळा माल हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशांवर आठवडाभर ठेवा, मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आणि त्यानंतर बाहेर. पिशवी लगेच उघडलीत तर गार पानावर पाणी सुटतं.

न पेटवता चिरलेल्या सिगारचं पान पुन्हा वापरता येतं. माझ्या बारावीतली लांब पानं पुढच्या पुडक्यात गेली आणि ते ओढायला छान निघालं. अर्धवट जळून विझलेल्या सिगारचं मात्र परत घेऊ नका, अगदी न जळलेला भाग असला तरी. धुराचा चिकट अंश तिथपर्यंत मुरलेला असतो आणि एका तुकड्याने अख्खी बरणी वास मारायला लागते. त्या पहिल्या अकरांचं मी एक पानही ठेवलं नाही.